मनातले मांडे आणि मनातली तालीम

दर सोमवारी सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या चित्रासकट 'जसे विचार, तसं जीवन' येऊन पडतं. वाक्याशी माझं भांडण नाही. विचारांनी आयुष्याला वळण लागतं हे खरंच. भांडण आहे ते 'विचार' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबण्याशी.

पहिली तुमच्या चांगल्या ओळखीची. बोरिवली फास्टच्या दारात लटकत, वरळीच्या समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटच्या बाल्कनीत चहा पिणं. याला आपल्याकडे मनातले मांडे खाणं म्हणतात; हल्ली 'मॅनिफेस्ट करणं' म्हणतात. कपाटावर चित्रं चिकटवा नाहीतर वहीत रोज एकच वाक्य घोटा, पदार्थ तोच.

दुसरी म्हणजे मनातली तालीम. घोटाळा होतो तो इथे, कारण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हीत डोळे मिटायचे, दोन्हीत पुढचं पाहायचं, आणि माणूस दोन्हीकडे आशावादीच. म्हणून 'निगेटिव्ह नको, पॉझिटिव्ह विचार कर' हा सल्ला मला निव्वळ बिनकामाचा वाटतो. प्रश्न एवढाच, की डोळे मिटल्यावर निकाल दिसतो, की निकालाआधीचं काम?

मुंबई मॅरेथॉन घ्या. पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर. मांडे खाणाऱ्याला गळ्यातलं पदक आणि फोटो दिसतो. तालीम करणाऱ्याला दिसतो पेडर रोडचा चढ, तोही परतीच्या वाटेवर, पाय बोलायला लागलेले असताना येणारा. तिथे पावलं आखूड टाकायची, हे त्याचं घरीच ठरलेलं असतं.

लिएन फाम आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांनी हे परीक्षेआधी विद्यार्थ्यांवरच करून पाहिलं. त्यांचा निबंध १९९९ सालचा. काहींना चांगले गुण मिळाल्याचं चित्र पाहायला सांगितलं, काहींना स्वतःला अभ्यास करताना पाहायला. अभ्यास पाहणाऱ्यांचा अभ्यासही वाढला आणि गुणही. कारण तितकंच महत्त्वाचं: त्यांचं नियोजन सुधारलं आणि धास्ती कमी झाली. पुढे २०११ मध्ये हेदर कापेस आणि गाब्रिएले ओटिंगेन यांनी दाखवलं की गोडगोड कल्पनेत रमलं की अंगातला जोरच उतरतो. त्या जोराची खूण म्हणून त्यांनी सिस्टोलिक, म्हणजे वरच्या आकड्याचा, रक्तदाब मोजला होता. म्हणजे मांडे नुसते फुकट जात नाहीत, ते पोट भरल्यासारखं करतात.

(खऱ्या मांड्यांची आठवण झाली. खानदेशात ते हातावर पसरवत नेऊन उलट्या खापरावर टाकतात. बघायचंच तर ते हात बघावेत. पण म्हणीत नेमकं खाणंच आलं.)

मग आशा धरायचीच नाही? धरा की. 'मला जमेल' हा मागच्या अनुभवावरून बांधलेला अंदाज वेगळा आणि 'जमलं!' म्हणून रंगवलेलं चित्र वेगळं. यावर जास्त बोलत नाही.

तालमीचा सांगाडा मात्र सांगते, कारण तो आपण थट्टेत घालवलाय: जर-तर. 'जर-तरच्या गोष्टी' म्हणून आपण नाक मुरडतो. पण पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने नेमकी तीच भाषा कामाला लावली. अमुक वेळ आली, तर मी अमुकच करीन. 'रोज अभ्यास करीन' यापेक्षा 'जेवणाचं ताट उचललं की पुस्तक उघडीन' हे जास्त टिकतं, कारण ऐनवेळी ठरवत बसावं लागत नाही.

माझा भाचा दादरच्या एका अभ्यासिकेत बसतो. वर्षभर त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर लाल दिव्याची गाडी होती. परवा विचारलं, "आता डोळे मिटल्यावर काय दिसतं रे?"

"साडेपाचचा गजर, मावशी. आणि तो बंद करून परत झोपणारा मी."

"मग?"

"मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवतो. तिथे तेव्हा आई उठलेली असते."