‘एसजीपीटी तर नॉर्मल आहे नं जी?’

हर्नियाच्या ऑपरेशनआधी सगळ्यांचं करतात तसं इतवारीतल्या एका काकाजींचं रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलं. वय 54. कावीळ कधी झालेली नाही, भूक-झोप उत्तम. 1994 साली काटोल रोडवर अपघात झाला तेव्हा रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या, तेवढं त्यांना आठवत होतं. लिव्हरला सूज आणणारा हा विषाणू सापडलाच 1989 साली, आणि दात्यांच्या रक्तात तो तपासणं आपल्याकडे सक्तीचं झालं 2001 पासून. म्हणजे धागा जुळत होता. रिपोर्टमधल्या लिव्हरच्या तपासणीवर बोट ठेवून ते म्हणाले, “एसजीपीटी तर 32 आहे. नॉर्मल आहे नं जी? मंग गोळ्या कायले?”

प्रश्न रास्त आहे. एकेकाळी डॉक्टरही असंच म्हणत. 1997 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने सल्ला दिला होता की एसजीपीटी सतत नॉर्मल असेल तर उपचार करू नका. तेव्हा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं, महिनोन्महिने ताप, अंगदुखी, उदासी, आणि एवढं सोसून गुण येईलच असं नाही. 2002 मध्ये तो सल्ला बदलला, कारण लिव्हरचे तुकडे तपासल्यावर वेगळंच दिसू लागलं होतं.

एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आत राहणारं एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात झिरपतं. म्हणजे आकडा सांगतो तो आज किती पेशी फुटताहेत एवढंच. गेल्या तीस वर्षांत फुटलेल्या पेशींच्या जागी किती व्रण साचला, हे तो सांगत नाही. शिवाय हा विषाणू थांबून थांबून काम करतो. सहा महिने शांत, मग एखादा उसळा, पुन्हा शांत. एका सकाळी काढलेल्या रक्तात शांत काळ सापडला तर रिपोर्ट छानच दिसणार. आणि ‘नॉर्मल’ची रेघही जरा ढिली आहे. बहुतेक लॅब 40 च्या आसपास ओढतात; काही तज्ज्ञांच्या मते निरोगी पुरुषात ती 30 आणि बाईमाणसात 19 हवी.

तरी घाबरवण्यासारखं चित्र नाही, हे आधी सांगायला हवं. जुनाट हिपॅटायटिस सी असलेल्या साधारण चौघांतल्या एकाचं एसजीपीटी नॉर्मल असतं, आणि त्यातल्या बहुतेकांचा आजार खरोखर सौम्य असतो, फार हळू सरकतो. पण काहींच्या लिव्हरमध्ये बराच व्रण सापडतो, आणि क्वचित सिऱ्हॉसिसही, म्हणजे व्रणांनी कडक होऊन गेलेलं लिव्हर. दारू, डायबेटीस, वाढलेलं वजन असेल तर वेग वाढतो. आपल्याकडे जास्त आढळणारा या विषाणूचा तिसरा प्रकार तर लिव्हरमध्ये चरबीही साचवतो.

काकाजींच्या रिपोर्टमध्ये माझी नजर प्लेटलेट्सवर अडली. 1 लाख 35 हजार, जरा कमीच. मी त्यांच्यासमोरच कागदावर व्रणाचा अंदाज देणारं गणित मांडलं: वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), म्हणजे 54 गुणिले 36, त्याला भागायचं प्लेटलेट्स हजारांत, म्हणजे 135, गुणिले एसजीपीटीचं म्हणजे 32 चं वर्गमूळ, या गुणाकाराने. उत्तर आलं 2.5 च्या थोडं वर. 1.45 च्या खाली असतं तर व्रणाची फारशी शंका नव्हती, 3.25 च्या वर असतं तर खूपच काळजी. प्लेटलेट्स अडीच लाख असत्या तर हेच उत्तर 1.4 च्या आत आलं असतं, एसजीपीटी तेच 32 धरून. मग फायब्रोस्कॅन केला, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. लिव्हरचा कडकपणा 9 किलोपास्कल निघाला. सिऱ्हॉसिसची शंका 12.5 च्या वर घेतात. पण 9 म्हणजे व्रण सुरू झालेला. ते थोडा वेळ गप्प बसले.

आता मात्र गोळ्यांचा प्रश्न पूर्वीसारखा अवघड राहिलेला नाही. सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्विर, रोज तोंडाने, 12 आठवडे. शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांचा विषाणू निघून जातो. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. एसजीपीटी वाढण्याची वाट पाहण्यात काही अर्थच उरलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. फक्त आधी हिपॅटायटिस बी तपासून घ्यायला हवं, कारण सी गेल्यावर तो डोकं वर काढू शकतो.

काकाजींनी गोळ्या पूर्ण केल्या. नंतर 12 आठवड्यांनी विषाणूची चाचणी केली, काहीच सापडलं नाही. जाताना मी त्यांना सांगितलं, अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची, चाचणी जन्मभर पॉझिटिव्हच येईल, पुढच्या ऑपरेशनला कुणी दचकलं तर हा रिपोर्ट दाखवा. त्यांनी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या.