पदकावरची पट्टी आणि घरातला अबोला

आयर्लंडमधल्या म्हाताऱ्या स्वातंत्र्यसैनिकाचं पोराबाळांशी का पटत नाही, याचं कारण बहुतेक जण ब्रिटनशी झालेला 1921चा तह मानावा की नाही यावरून पेटलेल्या 1922-23च्या यादवीत शोधतात. कालचे सोबती एकमेकांवर गोळ्या झाडू लागले आणि मग त्या विषयावर घरात बोलणंच बंद झालं, हे खोटं नाही. पण माझ्या मते तेढ मुरली ती नंतर, स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी लागणाऱ्या 'सक्रिय सेवा' या दोन शब्दांपायी.

1924च्या कायद्याने पेन्शन दिली ती तहाच्या बाजूने सरकारी सैन्यात गेलेल्यांना. तहाविरुद्ध लढलेले आणि महिला संघटनेतल्या बायका यांना 1934 उजाडावं लागलं. तरीही 'सक्रिय सेवा' म्हणजे नेमकं काय, हा घोळ सुटला नाही. दबा धरून गोळी झाडणारा त्यात बसे. रात्रभर रस्ते खणणारा, निरोप पोचवणारा, फरारींना जेवू घालणारी यांचं काय? अर्ज आले 80 हजारांवर, मंजूर झाले 18 हजारांच्या आसपास. शिवाय जुन्या सोबत्यांची साक्ष लागे. यादवीपासून ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्याच दारात जायची पाळी काहींवर आली असणार.

चाळिशीच्या दशकात पदकं वाटली गेली. त्यांतही दोन जाती: 'लढाई' अशा अर्थाचा आयरिश शब्द कोरलेली आडवी पट्टी असलेलं, आणि बिनपट्टीचं. पट्टी नाही, म्हणजे लढला नाही, हे छातीवरच दिसायचं. फितीचे रंग काळा आणि फिकट तपकिरी, म्हणजे ज्या 'ब्लॅक अँड टॅन' या ब्रिटिशांच्या पोलीस तुकड्यांशी झुंजले त्यांच्याच नावातले!

बाहेर असं तोलून घेतलेला माणूस घरात मात्र सर्वेसर्वा. जमीन त्याच्या नावावर, ती एकाच मुलाला, तीही उशिरा. 1965च्या वारसा कायद्यापर्यंत मृत्युपत्र करून बायकोलाही वगळता येई. बाकीच्यांनी परदेशी जाणारी बोट पकडायची. पन्नाशीच्या दशकात सुमारे 4 लाख माणसं देश सोडून गेली, बहुतेक इंग्लंडला. 1961च्या जनगणनेत लोकसंख्या 28 लाखांवर आली. ज्यांना हुसकावलं त्यांच्याच इमारतींवर आणि इस्पितळांत आपली पोरं राबतात, हे बापाला कसं सोसावं? आणि इथे आमच्यासाठी ठेवलंयत काय, हा पोरांचा सवाल.

2014पासून पेन्शनची कागदपत्रं टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर येत आहेत. 1916पासून 1923पर्यंत, एकेका कालखंडाचा वेगळा रकाना: कुठे होतात, काय केलंत, वरिष्ठ कोण. जेवणाच्या टेबलावर चकार शब्द न काढणाऱ्या आजोबांनी ते रकाने सहीनिशी भरलेले आहेत.