शहरी रस्त्यांची वेगनियंत्रक रचना

वाहनचालकाचा वेग आपोआप कमी व्हावा अशा बेताने रस्त्याची रुंदी, वळणे, चौक आणि पादचाऱ्यांच्या ओलांडण्याच्या जागा आखण्याची पद्धत. रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिसला की वेग वाढतोच, मग फलकावर काहीही लिहिलेले असो, हे तिचे गृहीतक.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १९६०च्या दशकाच्या अखेरीस निवासी गल्ल्या अशा रीतीने आखल्या जाऊ लागल्या. १९७६ मध्ये नेदरलँड्समध्ये त्यांना कायद्याचे स्थान मिळाले. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच, पण त्या चुकीपायी त्याचा जीव जाऊ नये, आणि ही जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यांचीही आहे, असे ते सांगते.

टकरीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग ताशी ५० वरून ३० किलोमीटरवर आणला, तर ऊर्जा सुमारे ३६ टक्केच उरते. चौकाचा कोपरा आखूड वळणाचा केला की गाडी सावकाश वळते, शिवाय पादचाऱ्याला कमी अंतर ओलांडावे लागते. मध्ये दुभाजकाचा आसरा असेल तर त्याला एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहावी लागतात. साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात; एकपदरी वर्तुळाकार चौकात ८ ठिकाणी, तेही बहुधा तिरके.

आपल्याकडे मात्र या साऱ्याचा अर्थ ‘स्पीडब्रेकर टाका’ एवढाच घेतला जातो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकानुसार गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि गोलसर हवा. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. गल्लीत रातोरात उभा राहणारा अरुंद, टोकदार, रंग नसलेला उंचवटा दुचाकीस्वाराला पाडतो, म्हणजे तोच अपघाताचे कारण ठरतो. त्याहून बरा पर्याय म्हणजे पदपथाच्या पातळीवर उचललेले झेब्रा क्रॉसिंग. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून वाहनांची जागा आवळली गेली. पण पदपथावर दुचाक्या चढू लागल्या की पादचारी पुन्हा डांबरावर येतो. म्हणून खांब रोवणे हाही रचनेचाच भाग.

परिणाम मोजताना घाई नडते. एखादा चौक बहुधा अपघात फार झालेल्या वर्षानंतरच सुधारणेसाठी निवडला जातो, आणि पुढच्या वर्षी काहीही न करताही तिथला आकडा उतरण्याची शक्यता असते. त्यामुळे सुधारणेआधीची आणि नंतरची काही वर्षे, तसेच न बदललेले तशाच प्रकारचे चौक, यांची तुलना करावी लागते.