पाय फूटरेस्टवर, पण नेमका कुठे?

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात सिग्नल सुटला की दुचाकींकडे न बघता चालवणाऱ्यांच्या पायांकडे बघावं. निम्मे पाय लगेच वर जात नाहीत. गाडी वीस-पंचवीस फूट जाते तोवर ते रस्त्याला चाटत, हवेत लटकत जातात आणि मग कधीतरी फूटरेस्टवर येतात. वर आल्यावरही ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. कोणाची टाच टेकलेली आणि बोटं बाहेर फाकलेली, कोणाचा तळवा मधोमध, तर कोणाचा उजवा पाय कायम ब्रेकच्या पेडलवर विसावलेला. गाडी शिकवणारा क्लच कसा सोडायचा ते दहादा सांगतो, पायांबद्दल फार तर ‘वर घे’ एवढंच.

आधी एक समज निकालात काढू. घाटात जाणारी पोरं ठामपणे सांगतात, की फूटरेस्टवर जोर देऊन उभं राहिलं की वजन खाली जातं, गुरुत्वमध्य उतरतो आणि म्हणून गाडी स्थिर होते. स्थिर वाटते हे खरं, कारण मात्र चुकीचं. गुरुत्वमध्य ठरतो वस्तुमान कुठे आहे यावरून. ते कशावर टेकलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तुम्ही उभे राहिलात म्हणजे धड वर गेलं, आणि त्याच्याबरोबर गुरुत्वमध्यही वरच गेला.

मग स्थिर का वाटतं? सीटवर बसलेला माणूस कमरेतून गाडीला जोडलेला असतो. पुढचं चाक दगडावरून निसटून गाडी डावीकडे हिसकली, की तिच्याबरोबर तोही हिसकतो. 140 किलोची गाडी आणि 70 किलोचा माणूस धरला तर एकूण वजनाचा तिसरा हिस्सा त्याचा, तोही सगळ्यात वरचा. बूड सीटवरून दोन बोटं उचललं की हा सांधा सैल होतो. गाडी खाली डुलते, धड जवळपास जागेवर राहतं. पीएमपीच्या बसमध्ये गुडघे किंचित वाकवून, दांड्याला नुसता हात लावून उभा असलेला मुरलेला प्रवासी हेच करत असतो.

यात जागेचाही फायदा आहे. फूटरेस्ट साधारण दोन चाकांच्या मधोमध असतं, सीट त्याच्या मागे. मागचं चाक खड्ड्याच्या काठावर आपटून 10 सेंटिमीटर उचललं, तर फूटरेस्ट 5 सेंटिमीटरच्या आसपास उचलतं, सीट मात्र त्याहून जास्त. दणका खायचाच असेल तर तो मधल्या जागी घेतलेला बरा.

आणि मग ते रंबलर. रस्त्यावर आडव्या मारलेल्या त्या जाड पांढऱ्या पट्ट्या. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेने हलवलं तर सेकंदाला साधारण 5 हेलकाव्यांच्या आसपास ते सर्वात जास्त थरथरतं. पोट, पाठीचा कणा, सगळं त्या तालात सापडतं. आता दोन पट्ट्यांमध्ये 60 सेंटिमीटर अंतर धरा. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 2.8 मीटर, म्हणजे सेकंदाला साडेचार ते पाच दणके. कंबर दुखते म्हणून अगदी हळू जाणारे काका बरोब्बर नको त्या तालावर येतात! वेग वाढवा असं मी अजिबात म्हणत नाही, गतिरोधक पुढेच असतो. पण गुडघे वाकवून अर्धवट उभं राहिलं की शरीराचा हा आकडा जवळपास निम्म्यावर उतरतो आणि त्याहून जलद येणारे दणके पायांतच बरेचसे विरतात.

इथे पायाचा कुठला भाग टेकलाय याला महत्त्व येतं. तळव्याचा खोलगट भाग किंवा टाच फूटरेस्टवर असेल, तर भार घोट्याच्या जवळून नडगीतून सरळ गुडघ्याकडे जातो. घोट्याला काही कामच उरत नाही. चवडा टेकवला की फूटरेस्ट घोट्याच्या बारा-तेरा सेंटिमीटर पुढे जातं. आता भार आला की टाच खाली दबते, पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची जाड शीर ताणली जाते, पुन्हा वर खेचते. दुचाकीला आणखी एक शॉकअप मिळाला म्हणा ना. फुकट मात्र नाही. ती शीर टाचेला घोट्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर धरते, त्यामुळे पायावर 20 किलोचा भार असेल तर पोटरीला 50 किलोच्या आसपास ओढावं लागतं. पुणे ते महाबळेश्वर कोणी चवड्यावर जात असेल तर त्याच्या पोटऱ्यांना नमस्कार. लांबवर उभ्याने चालवणारे ऑफरोडवालेसुद्धा बऱ्याचदा तळव्याचा मधला भागच वापरतात, तो याच कारणाने.

वळणावर चवड्याचं दुसरं काम असतं. जुन्या कात्रज घाटातल्यासारखं 20 मीटर त्रिज्येचं वळण घेऊ. ताशी 30 ने गेलात तर गाडी साधारण 20 अंश कलते, 40 ने गेलात तर 32 अंश. वेग थोडा वाढतो, कल भसकन वाढतो, कारण हिशेबात वेगाचा वर्ग येतो. एवढ्या कलात तळव्यावर टेकलेल्या पायाची लोंबती बोटं फूटरेस्टच्या आधी रस्त्याला लागू शकतात. फूटरेस्ट टेकलं तर स्प्रिंगवर वर दुमडतं, त्यासाठीच ते तसं बनवलेलं असतं. घोटा त्या दिशेने दुमडत नाही.

फूटरेस्ट दाबून गाडी वळते का? सीटवर बसून डावं फूटरेस्ट दाबलंत तर शरीर तेवढाच उलटा जोर सीटवर, टाकीवर किंवा हँडलवर कुठेतरी देतं, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. खरा परिणाम धड सरकल्यावर होतो, आणि तोही बेताचाच: 70 किलोचं शरीर 5 सेंटिमीटर आत नेलं तर कल सव्वा अंशाच्या आसपास वाचतो. अमेरिकेतले रेसिंग प्रशिक्षक कीथ कोड यांनी एका गाडीच्या फ्रेमवर न वळणारं जादा हँडल पक्कं बसवलं, त्याला थ्रॉटलही जोडला. ते धरून फक्त अंगाने गाडी वळवा, असं ते शिकणाऱ्यांना सांगत. गाडी डगमगते, हळूहळू भरकटते, हुकमी वळत नाही. वेगात वळवतात ते हातच: डावीकडे जायचं तर डावी मूठ किंचित पुढे ढकलायची.

म्हणून पायांचं खरं काम हात मोकळे ठेवणं हे आहे. जोरात ब्रेक लावून गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याने वेग उतरला, तर 70 किलोच्या माणसाला 35 किलोच्या भाराइतका जोर पुढे ढकलतो. तो मनगटांवर आला की हँडल आखडतं, आणि नेमकं तेव्हाच खड्डा चुकवायचा असतो. गुडघ्यांनी टाकी आवळली आणि पाय फूटरेस्टवर घट्ट असले की तो जोर मांड्या घेतात. लटकत्या पायांना यातलं काहीच जमत नाही.

पण कर्वे रोडवर संध्याकाळी सात वाजता चवड्याचा हट्ट धरू नये. चवड्यावरून पेडलपर्यंत पाय पुढे न्यावा लागतो, आणि ताशी 40 च्या वेगात सेकंदाचा दहावा भाग गेला तरी गाडी 1.1 मीटर पुढे गेलेली असते. रिक्षा कधी थांबेल याचा नेम नसलेल्या रस्त्यावर तळवा फूटरेस्टवर आणि बोटं पेडलच्या वर अधांतरी, हेच शहाणपणाचं. वर, पेडलवर नाही. पाय टेकलेला असला की मागचा दिवा सतत जळतो आणि मागच्याला तुम्ही खरंच कधी थांबताय ते कळत नाही. ड्रमब्रेकचे लायनर घासून तापतात आणि उतारावर गरज पडते तेव्हा पकड कमी झालेली असते. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी) सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर विसावलेला पाय आणखी महागात पडू शकतो.

मागे कोणी एका बाजूला पाय सोडून बसलं तर तुमच्या पायांवर आणखी एक काम येतं. 60 किलोचं माणूस मध्यरेषेपासून 10 सेंटिमीटर डावीकडे असेल, तर गाडी सरळ जाण्यासाठी दीड-पावणेदोन अंश उजवीकडे कललेली ठेवावी लागते. आपण ते नकळत करतो, बहुधा उजव्या मांडीने. रास्ता पेठेतून सारसबागेपर्यंत डबलसीट गेल्यावर एकच पाय का अवघडतो, त्याचं उत्तर यात असावं.

राहता राहिली लिव्हरची उंची. टाचेने मागचा खटका दाबून गिअर टाकायची सवय असेल तर तळवा मधोमध ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, ती लिव्हर त्याच पायासाठी बनवलेली आहे. बुटाचं टोक गिअरखाली घालताना घोटा वाकडा होत असेल, तर लिव्हर काढून दात्यांच्या दांड्यावर एक दाता वर बसवता येते. बऱ्याच गाड्यांना 10 नंबरचा पाना पुरतो. ब्रेकचं पेडलही वर-खाली करता येतं, पण त्यानंतर दिव्याचा स्विच आणि ब्रेकचा ढिलेपणा पुन्हा जुळवून घ्यायला गॅरेजवाल्याला विसरू देऊ नका.