शेकाचा दिवस बुडू नये म्हणून

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन, म्हणजे शेक, द्यायचा तर तो साधारण ६-७ आठवडे चालतो. सोमवार ते शुक्रवार, रोज थोडा थोडा. मशीनवरचं काम काही मिनिटांचं, पण मधले दिवस बुडाले तर महागात पडतं. उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की तगून राहिलेल्या कॅन्सरपेशी जास्त वेगाने वाढू लागतात. उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा अंदाज आहे.

आता मालवणचा एखादा खलाशी डोळ्यांसमोर आणा. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठलेली, बाकीचे होड्या घेऊन दर्यात, आणि हा परळला टाटा हॉस्पिटलच्या रांगेत. त्यात गणपती तोंडावर. कोकणातल्या माणसाला चतुर्थीला घरी जाऊ नको म्हणून सांगणं सोपं नाही, आणि नुसतं दरडावून तो थांबतही नाही.

इथे वैद्यकीय समाजसेवक लागतो. मुंबईत जे.जे. रुग्णालयात १९४६ सालीच असं पद आलं. तो विचारतो: उतरलात कुठे? सोबत कोण? घर कोण चालवतं? रेशनकार्डावर नाव आहे? महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची सोय, रेल्वेची सवलत (स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला १०० टक्के, सोबत्याला ७५) हे सगळं त्याच्या टेबलावरून मार्गी लागू शकतं. माझ्या मते ही वरची मदत नाही, उपचारच आहे.

मनाचंही तसंच. 'सगळा बरा आसा' म्हणणाऱ्याला तो ० ते १० अशी पट्टी दाखवतो आणि गेल्या आठवड्याचा त्रास किती, तिथे बोट ठेवायला सांगतो. बोट ४ किंवा त्याच्या वर गेलं की नीट बसून बोलायचं. बहुतेकदा आजाराच्या आधी विषय निघतो तो कर्जाचा, नाहीतर मुलीच्या लग्नाचा.

आणि गणपतीचं? रुग्णाने मोकळेपणी आधी सांगितलं, तर समाजसेवक डॉक्टरांशी बोलू शकतो. बुडणारा शेक कधी शनिवारी, कधी एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा देऊन भरून काढता येतो. न सांगता गेलेल्याला गाठायला मात्र फोनच हाताशी. म्हणून पहिल्याच भेटीत गावच्या शेजाऱ्याचा नंबरही लिहून घेतलेला बरा.