ॲनिमेमधले रडवणारे गाणे: एंडिंग की इन्सर्ट साँग?

जपानी ॲनिमेमधले, म्हणजे तिथल्या ॲनिमेशन मालिका-चित्रपटांमधले, डोळ्यांत पाणी आणणारे गाणे कोणते, असे विचारले की बहुतेक चाहते एखाद्या एंडिंगचे नाव घेतात. परंतु पुष्कळदा त्यांच्या मनात असते ते प्रसंग रंगात आलेला असताना मध्येच सुरू होणारे इन्सर्ट साँग, ज्याला जपानीत सोन्यूका म्हणतात. दोन्ही गाणी बहुधा भागाच्या उत्तरार्धात कानी पडत असल्यामुळे हा घोटाळा स्वाभाविक आहे. तरीही ती वेगवेगळ्या गरजांतून तयार होतात आणि ऐकणाऱ्याला गलबलवण्याची त्यांची रीतही वेगळी असते.

एंडिंग म्हणजे प्रत्येक भागाच्या शेवटी श्रेयनामावलीबरोबर वाजणारे, सुमारे दीड मिनिटाचे गाणे. मूळ गाणे चार-पाच मिनिटांचे असले तरी दूरचित्रवाणीसाठी ते एवढेच कापून घेतात. मालिकेत पैसे गुंतवणाऱ्यांमध्ये अनेकदा एखादी संगीत कंपनीही असते आणि आपल्या गायकाचे नवे गाणे मालिकेबरोबर घरोघरी पोहोचावे, हा तिचा उघड हिशेब असतो. अशा हिशेबातून आलेले गाणे मनाला भिडते ते बव्हंशी पुनरावृत्तीमुळे. आठवड्यामागून आठवडे तेच सूर ऐकताना कथेतल्या साऱ्या आठवणी त्यांना चिकटत जातात.

‘आनोहाना’ या २०११ च्या अकरा भागांच्या मालिकेत हे फार नेमकेपणाने साधले आहे. लहानपणी दगावलेल्या मैत्रिणीमुळे पांगलेल्या मित्रांची ही गोष्ट जपानमधल्या चिचिबू या गावात घडते. तिचे एंडिंग नवे नव्हते. झोन या मुलींच्या बँडचे ‘सीक्रेट बेस’ हे २००१ च्या ऑगस्टमधले गाणे मालिकेतल्या मुलींना आवाज देणाऱ्या आइ कायानो, हारुका तोमात्सु आणि साओरी हायामी यांच्याकडून पुन्हा गाऊन घेतले होते. दहा वर्षांनी, ऑगस्टमध्येच, पुन्हा भेटू अशी आशा मूळ शब्दांतच होती आणि मालिका आली तीही बरोबर दहा वर्षांनी. त्यावर कडी म्हणजे अनेक भागांत प्रसंग संपण्याआधीच, पात्रे अजून बोलत असतानाच, या गाण्याचे सुरुवातीचे सूर ऐकू येऊ लागतात. नियमाने ते एंडिंग असले तरी वागते मात्र इन्सर्ट साँगसारखे, आणि माझ्या मते त्याच्या परिणामाचे निम्मे श्रेय या घुसखोरीला द्यायला हवे.

इन्सर्ट साँगच्या वाट्याला पुनरावृत्ती बहुधा येत नाही. त्याची सारी मदार योग्य क्षणावर असते. ते अनेकदा मालिकेचे पार्श्वसंगीत करणारा संगीतकारच रचतो, त्यामुळे दृश्यातला श्वास आणि गाण्यातला ठहराव जुळवून घेता येतो. ‘डीमन स्लेयर’ या मालिकेच्या २०१९ मधल्या एकोणिसाव्या भागात नायक तान्जिरो हरण्याच्या बेतात असताना त्याला वडिलांचे अग्निनृत्य आठवते, आणि गो शिइना यांनी संगीत दिलेले, नामी नाकागावा यांनी गायलेले ‘कामाडो तान्जिरो नो उता’ सुरू होते. लढाईच्या प्रसंगाला अंगाईसारखे गाणे देण्याचे धाडस इथे फळले आहे, कारण प्रसंग वरवर तलवारीचा असला तरी आतून तो गमावलेल्या कुटुंबाचा आहे. त्या भागात नेहमीचे एंडिंग वाजत नाही. श्रेयनामावलीही याच गाण्यावर सरकते, म्हणून त्याला कोणी एंडिंग म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही.

याउलट प्रकारही आहे. ‘काउबॉय बीबॉप’ या मालिकेने शेवटच्या, म्हणजे सव्विसाव्या भागात ओळखीचे एंडिंग बाजूला ठेवून ‘ब्लू’ हे दुसरे गाणे लावले. गायिका माइ यामाने याच होत्या, पण सवयीची जागा अचानक परकी झाल्यामुळे निरोप अधिक जाणवतो.

चित्रपटांत दर आठवड्याची पुनरावृत्ती नसल्याने फरक सहज दिसतो. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’मध्ये (२००६) तेरू हे पात्र स्वतः गाते ते इन्सर्ट साँग, आणि श्रेयनामावलीवरचे ‘तोकी नो उता’ हे एंडिंग. दोन्हींचा आवाज आओइ तेशिमा यांचाच. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये (१९८८) तर नवे गाणेच नाही. युद्ध संपल्यावर तळ्याकाठच्या घरी परतलेल्या मुली ग्रामोफोनवर अमेलिता गाली-कुर्ची यांचे ‘होम, स्वीट होम’ लावतात, आणि तेच सूर युद्धकाळात उपासमारीने दगावलेल्या चिमुकल्या सेत्सुकोच्या एकाकी खेळांच्या दृश्यांवर पसरत जातात. गाणे लावणाऱ्यांना त्या मुलीचा पत्ताही नसतो, म्हणूनच ते असह्य होते.

घरी पाहताना एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. अनेक स्ट्रीमिंग सेवा श्रेयनामावली सुरू होताच पुढचा भाग लावून मोकळ्या होतात. इन्सर्ट साँगचे त्यात काही बिघडत नाही, पण ‘आनोहाना’चे दहा भाग असे पाहिल्यास अकराव्या भागात निरोपाच्या वेळी येणारे गाणे जवळजवळ अनोळखी राहते.