देवाचं नाक आणि राजाचा कैदी

साक्षात देवबाप आडवा आला तर त्याचंही नाक कापीन, अशा अर्थाचं काहीतरी आंतोनियो पेरेस संतापाच्या भरात बोलून गेला. वर्षानुवर्षं कैदेत पिचलेला माणूस, रागात काय वाटेल ते बोलतो. पण राजाची पापकबुली ऐकणारे पाद्री दिएगो दे चावेस यांनी या वाक्याचा कीस पाडला. नाक कापायचं तर देवाला नाक हवं, म्हणजे शरीर हवं. आणि देवाला शरीर आहे असं मानणं हे तर पाखंड! झालं, धर्मन्यायालयाला, म्हणजे इन्क्विझिशनला, खटला मिळाला.

पेरेस हा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा सचिव होता, दरबाराची सगळी अंडीपिल्ली ठाऊक असलेला. १५७८ मध्ये माद्रिदमध्ये हुआन दे एस्कोबेदोचा, म्हणजे राजाच्या सावत्र भावाच्या सचिवाचा, खून झाला. तो पेरेसने घडवला होता, आणि राजाच्या संमतीने, असं त्याचं म्हणणं. १५७९ मध्ये त्याला अटक झाली. १५९० मध्ये तो निसटला आणि थेट आरागॉनमध्ये शिरला.

इथे खरी मेख आहे. स्पेनमध्ये कास्तील आणि आरागॉन ही राज्यं दोन, राजा एक. आरागॉनचे कायदे वेगळे आणि ‘हुस्तिसिया’ हा न्यायाधीशही स्वतःचा. त्याच्या आश्रयाला गेलेल्या कैद्याला राजाची माणसं हात लावू शकत नसत. दोन्ही राज्यांत सारखाच हुकूम चालणारं न्यायालय एकच, इन्क्विझिशन.

ही सोय फिलिपच्या पणजोबांची, फर्डिनंडची. १४७८ मध्ये पोप चौथे सिक्स्टस यांनी इन्क्विझिटर नेमण्याचा अधिकार फर्डिनंड आणि त्याची राणी इसाबेला यांना दिला. १४८२ मध्ये त्याच पोपनी तक्रार केली की आरागॉनमध्ये श्रद्धेपेक्षा पैशाचा लोभ दिसतो. फर्डिनंडने असं खरमरीत उत्तर धाडलं की पोपना माघार घ्यावी लागली. १४८३ मध्ये मुख्य इन्क्विझिटर तोर्केमादाचा अधिकार आरागॉनवरही आला. राजा अश्रद्ध होता असं मला म्हणायचं नाही. पण त्याची श्रद्धा आणि सोय हातात हात घालून चालत होत्या. पुढे तर फ्रान्समध्ये चोरून घोडे विकणाऱ्यांनाही आरागॉनच्या याच न्यायालयाने धरलं. घोडे तिथल्या प्रोटेस्टंटांना मिळतात, म्हणून ती पाखंड्यांना मदत! (आपल्याला इन्क्विझिशन म्हटलं की गोवा आठवतो, १५६० पासूनचं ते न्यायालय पोर्तुगीज राजसत्तेचं.)

२४ मे १५९१ रोजी पेरेसला सारागोसाच्या आल्हाफेरिया किल्ल्यातल्या इन्क्विझिशनच्या तुरुंगात हलवलं, तसं शहर पेटलं. लोकांना पेरेसचा पुळका नव्हता, आपल्या कायद्यांचा होता. राजाच्या प्रतिनिधीला, आल्मेनाराच्या मार्कीसला, जमावाने इतकं बदडलं की तो पुढे मेला, आणि कैदी परत हुस्तिसियाच्या तुरुंगात आला. सप्टेंबरमध्ये पुन्हा दंगल झाली, त्यात पेरेस पळाला. नोव्हेंबरमध्ये शाही फौज शहरात घुसली. २० डिसेंबरला हुस्तिसिया हुआन दे लानुसाचा खटल्याविनाच शिरच्छेद झाला.

पेरेस १६११ मध्ये पॅरिसमध्ये वारला. चार वर्षांनी, १६१५ मध्ये, त्याच्या कुटुंबाच्या अर्जावर इन्क्विझिशननेच त्याला पाखंडाच्या आरोपातून मुक्त केलं.